तिसऱ्या दिवसाची बिअर

गेरवुप्याय गावात मनातलं ओकून टाकायला दोन जागा होत्या. एक चर्चमधली, पाद्रीबाबांच्या जाळीपुढची. पण तिथं कोण जातं, किती वेळ गुडघ्यावर बसतं, यावर सरकारी सामुदायिक शेतीच्या ऑफिसातून डोळा असायचा. दुसरी जागा म्हणजे रापोलास शुकीसचं बिअरचं पिंप. तिथं कुणाचा डोळा नसायचा, कारण डोळा ठेवणारेच तिथं येऊन बोलायचे.

रापोलास एरवी सामुदायिक शेतीवरचा तबेला सांभाळायचा. बारा घोडे आणि एक खेचर. त्या कामात त्याचं नाव चांगलं होतं का वाईट, हे कुणाला सांगता आलं नसतं, कारण तबेल्याबद्दल कुणी बोलतच नसे. पण बिर्झाय शहराच्या अलीकडच्या सात गावांत लग्न ठरलं, की पोरीचा बाप आधी पाद्रीबाबांकडे नाही, आधी रापोलासकडे यायचा. पाद्री मिळाला नाही तर लग्न सरकारी कचेरीत लागायचं. बिअर नसली तर ते लागलं असं कुणी मानलंच नसतं.

रापोलास आपलं लाकडी ढवळणं खांद्यावर टाकून यायचा. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात लापशी करायची, लापशीचे गोळे पावाच्या भट्टीत करपेपर्यंत भाजायचे, मग पुन्हा पाण्यात घालून पेंढ्यातून गाळायचं. जे खाली पडायचं ते काकवीच्या रंगाचं, गोड, गरम पाणी. त्यात हॉपच्या वेलीच्या कडू फुलांचा काढा घालायचा आणि निवलं की यीस्टचं विरजण. इथपर्यंत कुणालाही जमलं असतं, आणि बऱ्याच जणांना जमतही होतं. रापोलासची खरी करामत पुढे होती.

विरजण घालण्याआधी तो एका काचेच्या ग्लासात ते पाणी घ्यायचा, घरातल्या सगळ्यांना खिडकीशी बोलवायचा आणि म्हणायचा, "रंग बघून ठेवा." सगळे बघायचे. गडद तपकिरी, आरपार सूर्य दिसणारा. मग तीन दिवस कुणी पिंपाकडे फिरकायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा तोच ग्लास भरायचा, त्याच खिडकीशी धरायचा, आणि आतलं पाणी फिकं, गढूळ, पूर आलेल्या ओढ्यासारखं झालेलं असायचं. रापोलास काही बोलायचा नाही. स्टुलावर बसायचा, टोपी काढायचा, परत घालायचा. घरातली बाई शेवटी विचारायची, "काय झालं हो काका?"

"काही नाही," तो म्हणायचा. "घरात काहीतरी लपलंय. बिअरला कळतं. बघा बाबा, तुमचं तुम्ही." आणि घोड्यांना चारा घालायला निघून जायचा.

हे निघून जाणं फार महत्त्वाचं. तिथंच बसून राहिला असता तर कुणी तोंड उघडलं नसतं. दिवस मावळायच्या आत कुणीतरी तबेल्याच्या दाराशी येऊन पाय घासत उभं राहायचं. नवरीची आई यायची, रुखवतातल्या दुलईत हंसाची म्हणून कोंबडीची पिसं भरलीत म्हणून. मामा यायचा, कागदावर नसलेलं डुक्कर सरकारी मोजणीच्या वेळी पलंगाखाली ठेवलं होतं म्हणून. एकदा तर खुद्द सामुदायिक शेतीचे चेअरमन आले. हे गृहस्थ दर नाताळच्या आधी देव नसतो यावर शाळेत दोन तास बोलायचे. त्यांच्या मुलाचं लग्न होतं.

"रापोलास," चेअरमनसाहेब खेचराकडे बघत म्हणाले, "समजा एखाद्यानं आपल्या मुलाचं लग्न लांबच्या एका चर्चमध्ये गुपचूप लावून घेतलं असेल, बायकोनं फारच रडारड केली म्हणून, तर त्याचा बिअरवर परिणाम होईल का?"

"बोलून दाखवलं तर नाही होणार साहेब."

"समज, दाखवलं."

"मग समजा, झाली गडद."

आणि व्हायची. सहाव्या दिवशी ग्लास पुन्हा खिडकीशी यायचा. काकवीचा रंग परत आलेला असायचा, पहिल्यापेक्षा किंचित उजळ, पण स्वच्छ. बाया छातीवर क्रूस करायच्या. चेअरमनसाहेबांनीही हात उचलला होता, मग त्याच हातानं मिशी पुसली.

आता यातली मेख सांगायची तर ती रापोलासला त्याच्या बापानं सांगितली होती, आणि बापाला आजोबानं. यीस्ट म्हणजे जिवंत पीठ, बाप म्हणाला होता. गोड पाण्यात पडलं की ते खातं, वाढतं, वरखाली नाचतं. नाचतंय तोवर सगळं पाणी गढूळ आणि पांढुरकं दिसणार. कोको पावडरीत दूध ओतल्यावर ती काळी दिसेल का? त्यात बिअरला आंबटपणा चढतो, त्यानंही रंग थोडा उतरतो, काळ्या चहात लिंबू पिळल्यावर उतरतो तसा. मग गोडी संपते, यीस्टचं पोट भरतं, ते तळाशी जाऊन झोपतं, आणि मूळचा रंग वर राहतो. खोटारड्याच्या घरी जसं, तसंच संताच्या घरी. फक्त झाकण उघडं टाकू नकोस. हवा लागली की बिअर चिरलेल्या सफरचंदासारखी काळवंडते, आणि तो रंग कुणाच्या बोलण्यानं जात नाही.

"मग लोकांना असं का सांगायचं?" तेव्हा वीस वर्षांच्या रापोलासनं विचारलं होतं.

"अरे, नुसती बिअर सगळेच करतात," बाप म्हणाला होता.

रापोलासनं चाळीस वर्षं बापाचं नाव चालवलं आणि त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्यामुळे घरं साफ होतात, असंच त्याला वाटायचं. दोन लग्नं त्या तिसऱ्या दिवशी मोडली, तेव्हाही तो म्हणाला, नंतर मोडण्यापेक्षा आधी मोडलेली बरी. आणि गाढ झोपला.

त्याची बायको आगोता. उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी बाई. तिचा त्या पिंपावर संपूर्ण विश्वास होता. नवरा लग्नघरून परत आला की ती एकच विचारायची, "झाली गडद?" तो म्हणायचा, "झाली." मग ती मान हलवायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान दिसायचं की रापोलासची छाती दोन बोटं फुगायची. बायकोला आपला अभिमान आहे असं त्याला वाटायचं. नवऱ्यांना काय वाटेल ते वाटतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांची नात औद्रोने हिचं लग्न निघालं. मुलगा शेजारच्या तालुक्यातला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कान जरा मोठे पण स्वभावानं गरीब. साडेतीनशे माणूस येणार होतं. सात गावांतली सगळी घरं, जिथं रापोलासनं तिसऱ्या दिवशी टोपी काढून परत घातली होती, ती सगळी आता त्याच्या अंगणात बसून त्याच्याच घरची बिअर पिणार होती. त्यांतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट बघायची होती, आणि रापोलासला ते पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात त्याचं यीस्ट मेलं.

शुकीसांचं यीस्ट म्हणजे काय चीज होती हे सांगायला पाहिजे. आजोबापासून ते एका बिअरमधून दुसऱ्या बिअरमध्ये चालत आलेलं. मधल्या काळात बाटलीत घालून दोरीनं विहिरीत सोडलेलं, थंडाव्याला. दोन महायुद्धं झाली, चार सरकारं आली आणि गेली, यीस्ट विहिरीत होतं. त्या वर्षी पाऊस पडला नाही, विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलं, आणि बाटली तीन आठवडे कोरड्या गरम हवेत लोंबकळत राहिली. रापोलासनं बूच काढलं तेव्हा असा वास आला की खेचरानं मान फिरवली असती. त्यानं ते गोठ्यामागे ओतलं. कोंबड्या आल्या, बघितलं, आणि निघून गेल्या.

असं झालं तर काय करायचं याची रीत गावात होतीच. शेजाऱ्याकडून विरजण आणतात तसं दुसऱ्या बिअरवाल्याकडून यीस्ट मागून आणायचं. त्यात लाज नाही. पण जवळचा बिअरवाला म्हणजे नदीपलीकडचा बाल्त्रूस, आणि बाल्त्रूसच्या बिअरबद्दल रापोलास एका बारशात चारचौघांत म्हणाला होता की घोड्यांचे खूर धुवायला ती फार उत्तम. त्या बाल्त्रूसच्या दारात बाटली घेऊन जायचं? छे. रापोलास सायकल काढून तालुक्याला गेला आणि दुकानातून पावाच्या यीस्टच्या चार वड्या घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, शर्टाच्या आत. आगोतानं विचारलं, कुठं गेला होतास? तो म्हणाला, खिळे आणायला.

पावाचं यीस्ट आळशी. नाचतं भरपूर, पण झोपायचं नाव घेत नाही. ते पावात असतं तेव्हा त्याला झोपायची गरजच नसते, भट्टीत जाऊन मरतं. हे रापोलासला ऐकून माहीत होतं. पण माहीत असून माणूस काय करतो? वाट बघतो.

गुरुवारी विरजण घातलं. रविवारी बिअर फिकी झाली, ते ठीक. बुधवारी, सहाव्या दिवशी, त्यानं ग्लास खिडकीशी धरला आणि तो अजून फिकाच होता, दोन दिवसांपूर्वीच्या चहासारखा. लग्न शनिवारी. मागे आगोता उभी होती, आणि मुलगी एल्विरा, नवरीची आई, पीठ लागलेले हात वर धरून.

"बाबा," एल्विरा म्हणाली, "मी शपथ घेऊन सांगते, मी काही लपवलेलं नाही. म्हणजे शाळेत असताना तुमच्या कोटातून एकदा—"

"गप गं," रापोलास म्हणाला. "तुझं काही नाही."

"मग कुणाचं?" आगोतानं विचारलं.

एल्विरा कणीक मळायला परत गेली. आगोता गेली नाही. ती तशीच दाराच्या चौकटीला टेकून नवऱ्याकडे बघत राहिली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच रापोलासला कळलं की स्टुलावर बसून गप्प राहणाऱ्या माणसासमोर उभं राहणं कसं असतं. फक्त या वेळी स्टुलावर कुणी नव्हतं.

"यीस्ट मेलं," तो शेवटी म्हणाला. "विहिरीत. मी पावाचं आणलं. खिळे आणायला गेलोच नव्हतो."

आगोतानं सुस्कारा सोडला. "एवढंच ना? मग सांगायचं होतंस. बाल्त्रूसकडं मी गेले असते. आता बोललास ना, उद्या होईल गडद."

पण उद्या झाली नाही. गुरुवारी सकाळी ग्लास होता तसाच. आगोतानं तो स्वतः हातात घेऊन फिरवून बघितला आणि फळीवर ठेवला.

"अजून काहीतरी आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट काळजीच होती. "रापोलास, हे बघ, आपण म्हातारे झालो. बाई असेल तर बाई. मुलं असतील कुठं तर ती पण सांग. शनिवारी साडेतीनशे माणसं येणार, ती काय म्हणतील? सगळ्यांच्या घरात जाऊन तू खोटं शोधलंस आणि तुझ्याच घरात—"

"बाई नाही गं."

"मग युद्धानंतर ज्यांना पकडून सायबेरियाला नेलं, त्यांच्याबद्दल तू कुणाला काही—"

"आगोता, देवाची शपथ, तसलं काही नाही."

"मग बिअर फिकी का?"

तो बसला. ती गूजबेरीची टोपली मांडीवर घेऊन देठ खुडायला बसली. रापोलासपुढे दोन वाटा होत्या: एखादं खोटं पाप कबूल करायचं, नाहीतर खरं. खोटं सांगून बिअर गडद होणार नाही हे त्याला कळत होतं, खरं सांगूनही होणार नाही हेही कळत होतं. पण बायको त्याच्याकडे बघतच होती. त्यानं सगळं सांगून टाकलं. जिवंत पीठ, पोट भरणं, तळाशी झोपणं, चहात पिळलेलं लिंबू. सांगता सांगता त्याला थोडा अभिमानच वाटायला लागला; हातवारे करून त्यानं यीस्ट नाचवून दाखवलं. चेअरमनसाहेबांची गोष्ट सांगून तो स्वतःच हसला.

आगोता हसली नाही. "नेहमीच असं होतं?"

"नेहमीच. तिसऱ्या दिवशी फिकी, सहाव्या दिवशी गडद. कुणी बोलो न बोलो."

"तुझ्या बापाच्या हातची पण?"

"त्याच्याच हातची तर. त्यानंच शिकवलं ना मला."

"सदतीस साली आपल्या लग्नाची, माझ्या माहेरी त्यानं केली होती, ती पण?"

"ती काय वेगळी असणार?" रापोलास म्हणाला, आणि मग त्याचे हातवारे थांबले, कारण तिनं देठ खुडणं थांबवलं होतं.

"तिसऱ्या दिवशी तो आमच्या कोठारात ग्लास घेऊन आला," आगोता म्हणाली. "फिकी होती. आई आत रडायला लागली. मी बाहेर गेले आणि तुझ्या बापाला सांगितलं. म्हटलं, मामंजी, शनिवारच्या गाडीनं मी जाणार आहे. फेलिक्सासबरोबर. गिरणीवाल्यांचा फेलिक्सास. त्यानं अर्जेंटिनाची दोन तिकिटं काढली होती."

रापोलासला फेलिक्सास आठवत होता. लाल केसांचा, बाजा वाजवणारा. आपल्या लग्नाच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, तो अचानक निघून गेला म्हणून बाजा वाजवायला दुसरा माणूस शोधावा लागला होता, तेवढं त्याला आठवत होतं.

"मग? बाप काय म्हणाला?"

"ओरडला नाही. डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, पोरी, बरं झालं बोललीस, मी कुणाला सांगत नाही. शनिवारी बघू. बिअर फिकीच राहिली तर मी स्वतः घोडा जोडून तुला स्टेशनवर सोडतो. गडद झाली तर समज, तुझी गाठ माझ्या पोराशीच आहे." तिनं एक गूजबेरी उचलली, बघितली, परत ठेवली. "गाठोडं बांधून ठेवलं होतं मी. दोन झगे आणि पाव. शनिवारी त्यानं ग्लास दाखवला. आतून सूर्य दिसत होता."

"आणि तू राहिलीस."

"आणि मी राहिले. मग कधी तू दारू पिऊन आलास, कधी मूल गेलं, कधी खायला नव्हतं, की मी म्हणायचे, बिअर गडद झाली होती ना. ठरलेलंच होतं हे."

रापोलासला बापाचा भयंकर राग आला. थडग्यावर जाऊन चार शिव्या घालाव्यात असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या हेही लक्षात आलं की बापानं ती थाप मारली नसती तर समोर बसलेली ही बाई त्याला मिळालीच नसती. म्हणजे शिव्या घालायच्या की मेणबत्ती लावायची, तेही धड ठरेना. त्याला रडू येत होतं. तो म्हणाला, "गाठोडं बांधलं होतंस?" आणि ती म्हणाली, "हो, सांगितलं ना," आणि पुन्हा देठ खुडायला लागली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलली.

शनिवारी लग्न लागलं. अंगणात लांबच लांब टेबलं, उकडलेले वाटाणे, धुरावलेलं डुकराचं मांस, चीज. मडक्यांमधून बिअर आली आणि ग्लासांत पडली, फिकी, गढूळ. साडेतीनशे माणसांनी ग्लास आधी उजेडात धरले आणि मग रापोलासकडे बघितलं.  बाजावाल्यानं वाजवायला घेतलं होतं ते सोडून दिलं. चेअरमनसाहेबांनी ग्लास नाकाखाली नेला आणि त्यांच्या तोंडावर अशी गोड कळा आली की रापोलासला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते असं, वाटाण्यांच्या ताटासमोर जाणार. तो उठला. आता सगळ्यांना खरं सांगून टाकायचं, असं त्यानं रात्रभर तळमळून ठरवलं होतं.

आगोतानं त्याला कोटाला धरून खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"माझ्यामुळे झालंय हे," ती म्हणाली. "लग्नाच्या आधीपासूनचं एक माझ्या मनात होतं. परवाच ह्याला सांगितलं. उशिरा सांगितलं, तर बिअरही उशिराच होणार. पण चवीला चांगली झालीये, प्या."

अंगणभर एक लांब उसासा गेला. असा उसासा फार समाधान झाल्याशिवाय माणसं टाकत नाहीत. बिअरनं खुद्द शुकीसच्या घरातलंही सोडलं नाही! बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, बाजा सुरू झाला, आणि पहिलं पिंप तासाभरात संपलं. रापोलासचं नाव नुसतं वाचलं नाही, दुप्पट झालं. तिन्हीसांजेला बाल्त्रूस खुर्ची ओढून त्याच्याजवळ आला.

"पावाचा वास येतोय," तो हळूच म्हणाला.

रापोलासनं आपला ग्लास बाजूला सरकवला.

"उद्या बाटली पाठवतो माझ्याकडची. खूर धुवायला होईल." मग बाल्त्रूस म्हणाला, "मी पण तिसऱ्या दिवशी हेच सांगतो लोकांना. माझ्या बापानं शिकवलं. पण तुझ्या बायकोसारखी बायको नाही रे मला. नशीबवान आहेस."

रविवारी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या रीतीप्रमाणे, लग्न जुळवणाऱ्याला खोटारडा म्हणून फाशी द्यायचं सोंग झालं. नवऱ्या मुलाच्या घरी पन्नास गाई आहेत असं सांगून त्यानं पोरीला फसवलं, म्हणून झाडाखाली उभं करून त्याच्यावर खटला भरला, आणि शेवटी नवरीनं गळ्यात टॉवेल घालून त्याला सोडवलं. सगळे पोट धरून हसले. रापोलास बाकावर बसून बघत होता. आगोता त्याच्या बाजूलाच होती, म्हणून तो म्हणाला, "मला वाचवायला नको होतंस."

"तुला कुठं वाचवलं?" ती म्हणाली. "औद्रोनेच्या संसाराचा पहिला दिवस होता. आणि मी बोलले त्यात खोटं काय होतं?"

रापोलासला दोन एक गोष्टी विचारायच्या होत्या, पण त्यांची उत्तरं ऐकायची त्याची तयारी नव्हती.

पंधरा दिवसांनी कुंपणाशी एक मायलेकींची जोडी आली. नदीपलीकडच्या वरच्या गावातल्या. आई जाडजूड आणि उत्साही, पोरीचं नाव झिता, वीसएक वर्षांची, चपलेनं माती उकरत उभी.

"काका," आई म्हणाली, "सप्टेंबरात लग्न आहे हिचं. बिअर तुमच्याच हातची पाहिजे. तुमच्या घरी काय झालं ते ऐकलं आम्ही. बाई गं, अंगावर काटा आला. तिसऱ्या दिवशी मी पण सगळ्यांना खिडकीशी उभं करणार आहे. ही जरा गप्प गप्प असते, काय मनात आहे ते एकदाचं कळू दे."

रापोलासनं टोपी काढली. "ती तिसऱ्या दिवशी फिकी होतेच," तो म्हणाला. "कुणाच्याही घरी होते. मग आपली आपण गडद होते."

आई मनापासून हसली. "काका, तुम्ही पण ना. गंमत करता."

"करतो तो कधीकधी," मागून आगोता म्हणाली. ती घरातून बाहेर आली होती, हात ॲप्रनला पुसत. "येईल तो बिअर करायला. पण तुझ्या पोरीला मला गूजबेरी दाखवायच्यात आधी. चल गं झिता."

दोघी कुंपणाच्या कडेनं झुडपांकडे गेल्या. इथून काही ऐकू येत नव्हतं. आगोता बोलत होती, हातानं विहीर दाखवत होती, मग स्टेशनचा रस्ता. पोरगी आधी ऐकून घ्यायचं म्हणून ऐकत होती, मग तिनं माती उकरणं सोडलं, आणि मग आगोताचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"काय चाललंय त्यांचं एवढं?" आईनं विचारलं.

"बिअरचं," रापोलास म्हणाला.

सप्टेंबरात त्या घरून बोलावणं आलंच नाही. झिता पानेवेझिस शहरात कापड गिरणीत कामाला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली, असं बाल्त्रूसकडून कळलं. रापोलासनं ते जेवताना आगोताला सांगितलं. तिनं बटाट्याचं आणखी एक धिरडं आपल्या ताटात घेतलं, त्यावर चांगलं मोठा चमचा भरून आंबट साय घातली, आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. तू त्या पोरीला काय सांगितलंस, हे त्यानं विचारलं नाही.